हवेचा हिशेब

बी.एड.चा प्रवेशअर्ज भरत होतो तेव्हाची गोष्ट. अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना होता. मी त्यात ‘व्यापार’ असं लिहिलं. लिहिताना पेन क्षणभर अडखळलं होतं, हे अजून आठवतं. सोलापूरच्या पुणे नाक्यावर आमच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. समोर अर्धा पुरलेला ट्रकचा टायर, आत एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, सोल्युशनचे डबे आणि खिळ्यांना टांगलेल्या ट्यूबा. या टपरीवर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली, बहिणीचं लग्न झालं. तरीही त्या रकान्यात ‘पंक्चरचं दुकान’ हे दोन शब्द माझ्याच्यानं लिहवले नाहीत.

आपल्या समाजात हे काम करणारे पुष्कळ आहेत आणि ‘पंक्चरवाले’ हा शब्द कसा वापरला जातो, हे वाचकांना मी सांगायला नको. कॉलेजात तो थट्टेतून यायचा, हल्ली मोबाइलवरच्या चित्रांतून येतो. मला त्याचा राग यायचा. पण आज कबूल करतो, त्या रागात अब्बांच्या कामाची बाजू घेणं कमी होतं आणि त्या कामापासून लांब पळणं जास्त होतं. आता मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान आणि गणित शिकवतो. हाताला खडू लागतो, ग्रीस लागत नाही. याचं मला अनेक वर्षं समाधान होतं. त्या समाधानाला पहिला धक्का बसला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, धाकट्या भावामुळे.

धाकटा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात लागला आणि पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून त्यानं यामाहाची आर-१५ घेतली. रविवारी मित्रांबरोबर घाटात जायचा. तिथून फोटो यायचे. गाडी इतकी कललेली की गुडघा रस्त्याला लागेल. अम्मी ते फोटो बघून जेवायची नाही. एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, “चेन्नईजवळ रेसचा ट्रॅक आहे. तिथं ट्रॅक डे असतो. मला जायचंय.”

मला वाटलं, अब्बा आता चप्पल काढतात. अब्बांनी मात्र शांतपणे विचारलं, “वहाँ सामने से ट्रक आता क्या?” धाकटा म्हणाला, “नाही.” “भैंस आती?” “नाही अब्बा, चारी बाजूंनी कुंपण असतं.” “फिर जा. घाट में मरने से वो अच्छा.” आणि दोन अटी घातल्या. एक, मोठा भाऊ सोबत जाईल. दोन, टायर आपल्या हाताखालून गेल्याशिवाय गाडी हलणार नाही.

ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, हे मलाही तेव्हाच कळलं. त्यात नंबर नाही, बक्षीस नाही. ठरलेली फी भरायची, आपली गाडी आणायची, हेल्मेट आणि चामड्याचा सूट घालायचा आणि बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत गाडी चालवायची. नवशिक्यांचा गट वेगळा, सरावलेल्यांचा वेगळा. आम्ही जाणार होतो तो ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथला, चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर. पूर्वी तो मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणून ओळखला जायचा. १९९० मध्ये सुरू झालेला, सुमारे ३.७ किलोमीटरचा.

पहिला प्रश्न टायरचा होता. धाकट्याच्या तोंडी सतत पिरेली, मिशेलिन, मेट्झेलर अशी नावं. त्याच्या एका ओळखीच्यानं वापरलेली जोडी स्वस्तात देऊ केली होती. मऊ रबराची, ट्रॅकसाठीच बनवलेली, खाचा जवळजवळ पूर्ण शिल्लक. तो ती घेऊनच सोलापूरला आला होता. अब्बांनी टायर मांडीवर घेतला आणि बाजूच्या भिंतीवर बोट फिरवत लंबगोलातले चार आकडे शोधून काढले. १४१८. म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येत नाही, पण टायरवरचं सगळं वाचता येतं. मग त्यांनी अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. ताज्या मऊ रबरात नखाची खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. इथे नख नुसतं घसरलं. “दिसने में जवान, उमर में बुजुर्ग,” अब्बा म्हणाले. रबर नुसतं पडून राहिलं तरी हवा आणि उन्हानं कडक होत जातं. खाच शिल्लक असणं म्हणजे पकड शिल्लक असणं नव्हे.

मग त्यांनी टायर उलटा करून आत हात घातला आणि एका जागी थांबले. आतून पंक्चर काढलेलं होतं. काम नीट होतं, अब्बांनी तसं सांगितलंही. पण टायर बाजूला ठेवला. धाकटा म्हणाला, “अब्बा, तुम्ही स्वतः रोज हेच लावता की!” अब्बा म्हणाले, “मैं घर जाने के लिए लगाता. ये घर जाने का काम नहीं है. मेरे हाथ का लगाया होता तो भी नक्को बोलता.” ज्या कामावर माणसाचं पोट आहे, त्या कामाची मर्यादा त्यानं इतक्या सहज सांगावी, याचं मला नवल वाटलं. आम्ही शिक्षक असं बोलतो का, हा विचार त्या रात्री बराच वेळ मनात होता.

नवी जोडी घ्यायची ठरलं. धाकट्याला मागे जाडजूड टायर हवा होता. मूळ माप १४०/७०-१७. म्हणजे रुंदी १४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंचांची. त्याच्यापेक्षा रुंद टायर त्याच रिमवर चढवला तर कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी कलल्यावर टायर नीट टेकत नाही. दिसतं भारदस्त, पण पकड वाढतेच असं नाही. म्हणून माप तेच ठेवलं. पूर्ण गुळगुळीत रेसिंग टायरचा विषयही निघाला. असे टायर विजेच्या गरम दुलईत गुंडाळून तापवून मगच ट्रॅकवर उतरवतात. थंड असताना त्यांना पकड नसते, पावसात तर ते काहीच कामाचे नाहीत आणि रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. दीडशे सीसीची हलकी गाडी आणि नवशिका चालक, या दोघांच्यानं तो टायर तापायचाच नाही. शेवटी रस्त्यावर चालणारे, पण जरा मऊ रबराचे आणि लवकर तापणारे रेडियल टायर घेतले. वेगाचं अक्षर एच, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल असं. आमच्या गाडीला ते पुरून उरणारं होतं.

नव्या टायरचा पृष्ठभाग चकचकीत आणि निसरडा असतो. त्यामुळे आधी शंभरेक किलोमीटर सावकाश चालवून तो घासून घ्यावा लागतो. धाकटा एका सकाळी पंढरपूरपर्यंत जाऊन आला. अब्बांनी टायरवर हात फिरवला, मान हलवली आणि गल्ल्यातून आपला घड्याळाचा गेज काढून माझ्या हातात दिला. “दस गेज दस बात बोलते,” ते म्हणाले. “तू एकच पकड के रख. वो खोटं बोलला तरी रोज तेवढंच खोटं बोलेल.” मराठी आणि दखनी एका वाक्यात घालणं ही त्यांची जुनी सवय.

हवेबद्दल अब्बांचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आलोय. गरम टायरची हवा काढायची नाही. सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. ट्रकवाले येऊन म्हणायचे, “चाचा, गर्मी है, हवा थोडी कम कर दो.” अब्बा साफ नकार द्यायचे. भांडणं व्हायची, गिऱ्हाइकं जायची, पण अब्बांनी कधी ऐकलं नाही. नियम बरोबर आहे, हे मी पुढे विज्ञान शिकल्यावर समजलो. टायर चालून तापतो तेव्हा आतला दाब वाढणारच, बनवणाऱ्यानं ते धरूनच थंड टायरचा आकडा सांगितलेला असतो. तापलेल्या टायरातून हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी भरते. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, जास्त वळतो, त्यामुळे आणखी तापतो आणि एखाद्या दुपारी फुटतो. उन्हाळ्यात हवा कमी करायची ही समजूत उलट्या टोकाची आहे.

निघण्याआधी नववीच्या वर्गात मी फळ्यावर एक उदाहरण सोडवून घेतलं. हजम, म्हणजे आकारमान, कायम असेल तर वायूचा दबाव मुतलक दर्जा-ए-हरारतच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २६ अंशांना टायरमध्ये २७ पौंड हवा भरली. टायर ६० अंशांपर्यंत तापला. आता गेज किती दाखवेल? मुलं इथे हमखास चुकतात, कारण गेज बाहेरच्या वातावरणाचा दाब मोजतच नाही. तो १४.७ पौंड आधी मिळवावा लागतो. २७ अधिक १४.७ म्हणजे ४१.७. त्याला ३३३ नं गुणायचं, २९९ नं भागायचं. उत्तर ४६.४. त्यातून पुन्हा १४.७ वजा. म्हणजे गेज जवळजवळ ३२ दाखवेल. पाच पौंड हवा न भरता वाढली. मुलांना मजा वाटली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “सर, ये आपके अब्बा को आता है?” त्याच्या वडिलांचंही पंक्चरचं दुकान आहे. मी हसून विषय बदलला.

गाडीची टाकी रिकामी करून, तिला गोणपाटात बांधून रेल्वेच्या पार्सलनं चेन्नईला पाठवलं आणि आम्ही मागोमाग गेलो. ट्रॅकवर पहाटेच पोचलो. हवेत गारवा होता. तिथं टायर-हवेचं बघणारा एक पन्नाशीचा मेकॅनिक होता. माझी टोपी आणि आमचं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, “कां से आए भाई?” मी चमकलो. तो आंबूरचा होता. उत्तर तमिळनाडूतली आंबूर, वाणियंबाडी ही चामड्याच्या धंद्याची गावं, तिथल्या पुष्कळ मुसलमानांच्या घरी उर्दूच बोलतात. सोलापूरची दखनी आणि आंबूरची दखनी एकमेकींना भेटल्या आणि पाच मिनिटांत आमची चहाची ओळख झाली.

गाडीवरच्या कंपनीच्या पट्टीवर पुढे २९ आणि मागे ३३ पौंड असं लिहिलेलं. तो म्हणाला, “वो रोड का है. यां सुबह ठंडे में दोनों सत्ताईस रखो. अंदर से आए की तुरंत देखना. गरम में बत्तीस के ऊपर गया तो निकालो.”

‘निकालो’ ऐकताच माझ्या कपाळाला आठी पडली. मी त्याला अब्बांचा नियम सांगितला. तो हसला आणि म्हणाला, “आपके वालिद सही बोलते. पन यां नहीं.” मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचं नव्हतं. इतकी वर्षं ज्या दुकानाचं नाव मी घेतलं नव्हतं, त्याचा वारसदार म्हणून मी एकदम ताठ उभा राहिलो. मधला मार्ग म्हणून पुढे २८ आणि मागे ३० ठेवले. मनात म्हटलं, तेहेतीसवरून एकदम सत्तावीस म्हणजे फारच झालं.

पहिली फेरी छान झाली. धाकटा परतला तेव्हा मागचा गेज ३४ दाखवत होता. मी आकडा वहीत लिहिला, हवेला हात लावला नाही. दुसरी फेरीही झाली. तिसऱ्या फेरीपर्यंत ऊन चढलं होतं. गाडी मधल्या वेळात उन्हातच उभी होती, आणि ती सावलीत ढकलण्याचंही मला सुचलं नव्हतं. फेरीच्या आधी धाकटा म्हणाला, “भाई, मागचं चाक जरा नाचतंय असं वाटतं.” मी म्हणालो, “नवा टायर आहे, सवय होईल.”

एका लांब वळणातून बाहेर पडताना त्यानं थ्रॉटल उघडलं आणि मागचं चाक बाजूला सरकलं. मी कुंपणापाशी उभा होतो. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि तिच्या मागे तो, पाठीवर, गवतापर्यंत. पिवळा झेंडा हलला. त्या चार-पाच सेकंदांत मला अम्मीचा चेहरा दिसला, दुसरं काही दिसलं नाही. मग तो उठून बसला आणि हात वर केला. सूटचा कोपर फाटला होता, हातमोज्याचा तळवा झिजला होता, गाडीचा ब्रेकचा लिव्हर मोडला होता. माणूस शाबूत होता. त्या ठिकाणी डांबराऐवजी घाटातली दरी असती तर, हा विचार मी आजही पुढे जाऊ देत नाही.

गाडी आत आणल्यावर गेज लावला. साडेपस्तीस.

आंबूरच्या त्या माणसानं मला एक शब्द सुनावला नाही. त्यानं फक्त माझी वही मागितली आणि तिच्यावर गणित मांडायला सांगितलं. मास्तरला गणित समजेल, हे त्यानं ओळखलं असावं. गाडी १४२ किलो, त्यावर माझा भाऊ, सूट-हेल्मेटसह सत्तरच्या आसपास. एकूण २१० किलो धरू. सर्वसाधारण हवेला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाबाला, हे सगळं वजन पेलायला लागतात ढोबळमानानं शंभर चौरस सेंटिमीटर. तेही दोन्ही चाकं मिळून. आपलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. माझा भाऊ एका पोस्टकार्डाहूनही कमी जागेवर कललेला होता. दाब जसा वाढतो तशी ही जागा आणखी आकसते, टायर ताठरतो आणि रस्त्याच्या बारीक उंचसखलपणाला धरून राहण्याऐवजी त्यावरून उड्या मारतो. फार कमी हवाही वाईटच. मग टायरच्या कडा लिबलिबतात, गाडी वळायला जड जाते आणि टायर भलताच तापतो. म्हणून गरम असतानाचा एक आकडा धरायचा आणि दिवसभर त्याच्याशी इमान राखायचं. त्यानं टायरची कडही दाखवली. मधला भाग घासून तुळतुळीत, आणि कडेला बोटभर पट्टी जवळजवळ कोरी.

तो पडला तो फक्त हवेमुळे, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. थ्रॉटल घाईनं उघडलं, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. पण चूक सावरायला जी थोडी सवलत टायर देतो, ती मी आधीच काढून घेतली होती. आणि मला सावध केलेलं असताना काढून घेतली होती.

मी अब्बांना फोन लावला. आधी त्यांनी मुलाची चौकशी केली. फोन त्याला द्यायला लावला, त्याचा आवाज स्वतः ऐकला. मग मला विचारलं, “हवा कितनी थी? ठंडे में या गरम में?” मी दोन्ही आकडे सांगितले, आंबूरवाल्याचं म्हणणं सांगितलं आणि म्हणालो, “तुमचा नियम म्हणून मी काढली नाही.” पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता. अब्बांनी तो बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, “अरे, मैं क्यूँ नहीं निकालता, कभी पूछा क्या तूने?”

खरंच, मी कधी विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, “मेरा ट्रकवाला हवा कम करके जाता, सुबह हैदराबाद में रहता. टायर ठंडा, हवा कम, ऊपर से सोला टन माल. वहाँ उसकी हवा देखने को मैं हूँ क्या? इसलिए नहीं निकालता. तू तो वहीं खड़ा है. गेज हाथ में है, हवा बाजू में है. हर बार देख सकता. निकाल. बस, शाम को रोड पे आने के पहले वापस भर.”

त्यांचा नियम हवेपुरता नव्हताच मुळी. तो गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा होता. मी नियम पाठ केला होता, कारण विचारलं नव्हतं. आणि हेच मी रोज वर्गात मुलांना सांगतो, की पाठ करू नका, कारण विचारा.

लिव्हर बदलला, गाडी तपासून घेतली. दुपारी टायर जरा तापवून आणून मी स्वतः पिन दाबून मागची हवा ३२ वर आणली, पुढची ३० वर. शेवटच्या दोन फेऱ्या धाकट्यानं सावकाश केल्या. परतला तेव्हा म्हणाला, “भाई, आता गाडी बसल्यासारखी वाटते.” प्रत्येक वेळी गेज लावला, प्रत्येक वेळी लिहिलं. त्याच्या वेगापेक्षा मला माझी वही जास्त समाधान देत होती.

संध्याकाळी सगळे सामान बांधत होते. आमचं काम राहिलं होतं. ती गाडी चालवत चेन्नईच्या स्टेशनवर न्यायची होती, मागे बॅग बांधून, खड्ड्यांतून. पण टायर गरम असताना भरली तर पुन्हा हिशेब चुकणार. म्हणून गाडी सावलीत लावून आम्ही तासभर बसून राहिलो. धाकटा दमून तिथंच आडवा झाला. मला आठवलं, हवेचा टायर पहिल्यांदा चालता केला तो जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला एक पशुवैद्य होता. १८८८ चं त्याचं पेटंट. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळायची म्हणून त्यानं ते केलं होतं. दरवर्षी मी ही गोष्ट वर्गात एका ओळीत सांगून पुढे जातो. त्या दिवशी ती एका ओळीत संपेना.

टायर थंड झाले. गेज लावला तेव्हा मागे साडेसत्तावीस भरले. तेवढ्यावर तसेच निघालो असतो तर अब्बा ज्याला भीत होते तेच मी केलं असतं. पुढे २९, मागे ३३. हवा परत भरली आणि निघालो.

सोलापूरला गाडी उतरल्यावर अब्बा स्वतः स्टेशनवर आले होते. गोणपाट सोडायच्या आधीच त्यांनी टायरला हात लावला. रबराच्या बारीक गोळ्या बोटांनी चोळून बघितल्या, कडेची कोरी पट्टी बघितली, घसरल्याचा सपाट चट्टा बघितला. काही बोलले नाहीत. माझी वही मागितली. आकडे त्यांना वाचता येतात. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “वापस भरा. ठीक.”

पुढच्या महिन्यात मी पाठ-टाचणात एक क्षेत्रभेट दाखवली आणि नववीच्या मुला-मुलींना पुणे नाक्यावरच्या टपरीवर घेऊन गेलो. या भागातून शाळेची बस रोज जाते, पण मी तिथं कधी थांबलो नव्हतो. अब्बांनी नवा शर्ट घातला होता. मुलांनी सकाळी एका रिक्षाचे टायर थंड असताना मोजले, रिक्षावाला स्टेशनपर्यंत जाऊन आला, मग गरम असताना मोजले. फरक आला. गणित केलं, १४.७ मिळवून. उत्तर अगदी जुळलं नाही, पण जवळ आलं. अब्बांनी त्यांना ट्रकच्या टायरवरची तारीख वाचायला शिकवली, घमेल्यात बुडबुडे दाखवले, आणि गरम टायरची हवा का काढत नाहीत ते सांगितलं. या वेळी कारणासकट सांगितलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा होता. पाना कुठला, लिव्हर कसा धरायचा, हे तोच बाकीच्यांना दाखवत होता.

निरीक्षणाचे तक्ते भरताना एका मुलीनं हात वर केला. तक्त्याच्या तळाशी ‘मुअल्लिम का नाम’ असा एक रकाना होता. तिनं विचारलं, “सर, यहाँ आपका नाम लिखना ना?”

मी म्हणालो, नाही, अब्बांचं लिही. ती अब्बांकडे गेली आणि नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारू लागली.